दोन बादल्यांचं तळं

नगरच्या उपनगरांत ज्यानं ज्यानं घर बांधलं, त्याच्या मागच्या अंगाला सिमेंटचा एक हौद असतो. बांधकामाच्या वेळी विटा भिजवायला आणि स्लॅबवर पाणी मारायला तो बांधतात. घर उभं राहतं, वास्तुशांत होते, गवंडी उरलेल्या पैशांसाठी हेलपाटे घालून दमतो, आणि हौद तिथंच राहतो. मग त्यात फुटक्या कुंड्या, पोरांची जुनी सायकल, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले पाइपाचे तुकडे असा ऐवज जमत जातो. सावेडीतल्या आमच्या हौदाचंही तेच झालं होतं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल. शाळेतून निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तो रिकामा केला आणि जाहीर केलं, की इथं तळं होणार.

"कशाचं?" आईनं विचारलं.

"पाण्याचं."

"त्ये कळलं. पाणी कुठलं?"

नगर जिल्ह्यात लग्न ठरवताना, जमीन घेताना आणि बदली मागताना विचारायचा प्रश्न हाच. अकोले तालुक्याचा डोंगराकडचा भाग सोडला तर आमच्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही त्याच्या सवडीनं. शहराला पाणी मुळा धरणाचं. धरणात 26 टीएमसी मावतं हे आम्हाला शाळेपासून पाठ आहे, पण नळ कधी येणार हे पाठ होत नाही. आई पाथर्डी तालुक्यातली. भाजी धुतलेलं पाणी ती आजही कुंडीत ओतते आणि कुंडीतून खाली झिरपलेल्याकडे हिशेबात न बसलेल्या पैशासारखी बघते. 6 गुणिले 4 गुणिले अडीच म्हणजे 60 घनफूट, म्हणजे साधारण 1700 लिटर, असं मी तिला सांगितलं. तिनं ते मनातल्या मनात घागरींमध्ये केलं आणि कपाळाला हात लावला.

शेवटी तह झाला. पहिलं भरणं पावसाचं. गच्चीचा पाइप हौदात वळवायचा, नळाचा थेंब घ्यायचा नाही. पण खरी मेख उन्हाळ्याची होती. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडचं ऊन दिवसाला सेंटीमीटरभर पाणी सहज उचलतं. एवढ्या हौदाचं ते वीस-बावीस लिटर होतं, म्हणजे रोज दोन लहान बादल्या. त्या मी माझ्या आंघोळीतून कापून देईन असं कबूल केलं. गेली तीन वर्षं उन्हाळ्यात मी तांब्या मोजून आंघोळ करतो. घरात त्याला 'तळ्याचा हप्ता' म्हणतात.

तळ्याचं वेड कुठून आलं, तर वर्गातल्या भिंतीवरून. मी चित्रकला शिकवायचो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना वस्तुचित्र, स्मरणचित्र घोटून घ्यायचं आणि उरलेल्या वेळात भिंतीवरच्या क्लोद मोनेच्या कमळतळ्याकडे बघत बसायचं, असं पस्तीस वर्षं चाललं. पोरं विचारायची, "सर, ह्यात कमळं कुठंयत?" प्रश्न बरोबर होता, जवळ गेलं की नुसते फटकारे. मोनेनं 1893 मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात घरापुढची जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवून तळं करायचं ठरवलं. गावानं हरकत घेतली: हा माणूस कसल्या तरी परदेशी वनस्पती लावणार, पाणी विषारी होणार, आमची गुरं मरणार. ही हकीकत मी आईला सांगितली, तेव्हा तिनं त्या अनोळखी फ्रेंच शेतकऱ्यांची बाजू इतक्या हिरिरीनं घेतली, की ती माणसं तिच्या भावकीतली असावीत. मोनेकडे तळ्यासाठी वेगळा माळी होता. तो होडीतून फिरून पानांवरची काजळी धुवायचा. माझ्या पानांवर नगर-मनमाड रस्त्याची धूळ बसते. माळी मीच, होडी नाही, ओला फडका आहे.

त्या काळी रंगीत वॉटर लिली हे नवलच होतं. थंड मुलखात पांढरीच फुलायची. लातूर-मार्लियाक नावाच्या फ्रेंच माणसानं देशोदेशीच्या जातींचे संकर करून पिवळ्या, गुलाबी, तांबड्या लिली काढल्या आणि 1889 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडल्या. मोनेनं रोपं घेतली ती त्याच्याकडूनच. (लातूर हे नाव वाचून मी उगाच सुखावलो होतो. आपल्या लातूरचा काही संबंध नाही.)

माझी लिली पुण्याच्या एका रोपवाटिकेतून आली. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आल्याच्या कुड्यासारखा एक गड्डा, साडेतीनशे रुपये. आईनं तो हुंगला आणि म्हणाली, "ह्याची भाजी व्हती का?"

लिलीला माती लागते चिकट आणि जड. कुंडीत भरतात ती हलकी, कोकोपीटवाली माती पाण्यात घातली की सगळी वर येऊन तरंगते. एकदा करून पाहिलं, तीन दिवस हौदाला दाढी आल्यासारखी दिसत होती. म्हणून परसातच खणायला घेतलं. खोऱ्याच्या तिसऱ्या घावाला दगड, चौथ्याला विटेचा तुकडा, पाचव्याला आणखी मोठा दगड. हे मला माहीत असायला हवं होतं. पंडित नेहरू ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते, आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'त भारताच्या शोधाला लागण्याआधी त्यांनी आमच्या मातीची तक्रार केली आहे: वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या ढिगाऱ्यानं भरलेली. तरी ते भर उन्हात खणत राहिले आणि फुलझाडांचे वाफे केले. मी तासाभरात खोरं टाकलं आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीतला गाळ दोन पोती आणला. घमेल्यात गाळ, त्यात गड्डा तिरका, वर बारीक खडीचा थर, म्हणजे गाळ ढवळत नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण खत म्हणून मी मायेनं दोन ओंजळी ताजं शेण घातलं. आठ दिवसांत पाण्याचा रंग पालकाच्या सुपासारखा झाला. वासाचं सांगत नाही. पाणी उपसून झाडांना घातलं आणि पुढच्या पावसाची वाट पाहिली. त्या महिन्यात आई माझ्याशी फार गोड बोलायची.

पहिलं फूल आलं दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात. कळी पाण्याखालून वर येते तेव्हा देठ वाकडा असतो, पाणकोंबड्याच्या मानेसारखा. सकाळी नऊ-साडेनऊला उघडली, जांभळट निळी, आणि दुपारी चारच्या सुमाराला सरकारी कार्यालयाच्या शिस्तीनं मिटली. असं तीन-चार दिवस चालतं. मग फूल मिटून मान खाली घालतं आणि पाण्यात बुडतं. फळ धरायचं ते खाली, कोणाच्या नजरेला न पडता. पहिल्या दिवशी फुलाच्या मध्ये एक चकाकणारी वाटी असते, थेंबभर रसानं भरलेली. दुसऱ्या फुलाचे पराग अंगावर घेऊन आलेला किडा त्यात घसरतो, पराग धुऊन निघतात, आणि कित्येकदा किडाही तिथंच राहतो. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी, आता पराग ह्याच फुलाचे. मी भिंग घेऊन हौदाच्या कठड्यावर पालथा पडलो होतो तेव्हा एक इवलीशी माशी त्या वाटीत हातपाय मारत होती. काडीनं बाहेर काढली. ती पंख झटकून पुन्हा त्याच फुलावर बसली.

फुलाची बातमी गल्लीत पसरली, पण 'सरांनी कमळ लावलं' अशी. आमच्याकडे कमळ लावलं म्हटलं की लोक आधी पक्ष विचारतात. त्यातून सुटलो की वनस्पतिशास्त्रात अडकायचं. कमळाचं पान गोल, अखंड, पाण्यावर हातभर उचललेलं, आणि त्याच्यावर पाणी पाऱ्यासारखं पळतं. लिलीचं, म्हणजे आपल्या कुमुदाचं पान पाण्यावर लोळतं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं, केकचा तुकडा कापून घेतल्यासारखं. हे मी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चितळे रोडवरच्या फुलवालीलाही समजावलं. तिच्याकडे लाल लिली 'कमळ' म्हणून चालली होती. ती म्हणाली, "काका, लक्ष्मी काय पानं बघत न्हाई. घ्यायचंय का?" घेतलं. ज्या राज्यात रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला सगळे ब्रह्मकमळ म्हणतात आणि त्याच्यासोबत फोटो काढतात, तिथं आपण कुठवर लढणार?

पाहुण्यांत सर्वांत आधी आल्या त्या आरोग्य खात्याच्या ताई, डेंग्यूच्या अळ्या शोधत. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, टाक्या कोरड्या करायच्या, 'कोरडा दिवस पाळा', हे त्या दारोदार सांगत होत्या. हौद पाहून त्या थबकल्या. "ह्याचा कोरडा दिवस कधी?" मी म्हणालो, "ह्याचा कोरडा दिवस आला की माझाही आला." त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवीत पंचवीस-तीस गप्पी मासे घेऊन आल्या आणि हौदात सोडून गेल्या. चार महिन्यांत त्यांची मोजदाद थांबवावी लागली. आता गल्लीतल्या निम्म्या टाक्यांत आमचे गप्पी आहेत आणि ताई चहा घेतल्याशिवाय जात नाहीत.

आणि मग कासव.

एखाद्याच्या दारात तळं आहे हे कळलं की तो माणूस अनाथालयाचा अधीक्षक होतो. ओळखीतल्या एका घरात फेंगशुईवाल्यानं उत्तरेला कासव ठेवायला सांगितलं होतं. धातूचं ठेवलं असतं तर भागलं असतं, पण मुलीनं दुकानातून जिवंत आणलं: पाच रुपयांच्या नाण्याएवढं, हिरवंगार, काचेच्या वाडग्यात प्लास्टिकच्या ताडाखाली बसवलेलं. ते लाल कानाचं कासव, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. नाण्याएवढं कासव नाण्याएवढं राहत नाही हे दुकानदार सांगत नाही. सहा वर्षांत ते जेवणाच्या ताटलीएवढं झालं, वाडग्यातून टबात आणि टबातून बाथरूममध्ये गेलं, मुलगी बंगळुरूला नोकरीला गेली, आणि एका रविवारी सकाळी ते कुटुंब प्लास्टिकचं टोपलं घेऊन आमच्या दारात उभं राहिलं. "सर, तुमच्याकडं कसं मोकळं राहील." ही कासवं नदीत किंवा तलावात सोडली की तिथल्या देशी कासवांच्या तोंडचा घास पळवतात. युरोपनं त्यांची आयात 1997 मध्ये बंद केली ती ह्याच कारणानं. अमेरिकेत तर चार इंचांहून लहान कासव विकायला 1975 पासून बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेलानं आजारी पडायची. मी नाही म्हटलं असतं तर ते टोपलं मुळा किंवा सीना नदीवर गेलं असतं. म्हणून हो म्हटलं, आणि घरादाराला साबणानं हात धुवायची सक्ती केली.

आईला वाटलं होतं आपल्याकडचं कासव येणार. त्यांच्या गावच्या तलावातलं, चिखलाच्या रंगाचं, चपटं. तलाव आटला की चिखलात स्वतःला गाडून घेऊन महिनोन् महिने पडून राहणारं आणि पहिल्या पावसाला भेगांतून वर येणारं. खरा दुष्काळी जीव तो. पण देशी कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे; वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. आई म्हणाली, "बहात्तर साली कायदा करायला येळ हुता व्हय लोकांना?"

त्या साली ती तेवीस-चोवीस वर्षांची होती, मी पाच. दुष्काळी कामावर पाझर तलाव चालू होता, तिथं ती मातीची पाटी डोक्यावर वाहायची. मला सुकडीची चव आठवते आणि मिलोच्या लाल भाकरीची, जी पहिल्या दिवशीसुद्धा शिळी लागायची. मिलो अमेरिकेतून आलेला. कासवाचं मूळ गाव सांगितल्यावर आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तवा मिलो धाडला. आता ह्यो."

तरीही तिनं वाकून त्याच्या पाठीला हात लावून नमस्कार केला. देवळात शिरताना जमिनीवरच्या दगडी कासवाला केल्याशिवाय ती पुढं जात नाही. ह्याला का वगळायचं? मिसिसिपीचा कूर्मावतार. मान आत घेऊन, वरून खालून बघायची त्याची तऱ्हा आमच्या शाळेतल्या एका जुन्या लेखनिकासारखी होती, म्हणून नाव ठेवलं पंत.

पंतांसाठी मी हौदात चार विटा रचल्या आणि बाहेरून एक फळी तिरकी टेकवली. सकाळी आठला ते विटेवर चढतात, मागचे दोन्ही पाय हवेत लांब सोडतात, बोटं फाकवतात आणि डोळे मिटतात. डोळ्यामागची तांबडी पट्टी उन्हात कुंकवाच्या बोटासारखी दिसते. वर्षातून काही वेळा पाठीच्या खवल्यांवरून अभ्रकासारखा पातळ पापुद्रा सुटतो, त्यावर रेषा न् रेषा उमटलेली असते. एक मी वहीत चिकटवून ठेवला आहे; पस्तीस वर्षं शिकवलेल्या कुठल्याही नक्षीपेक्षा बरी आहे.

मोनेच्या तळ्यात कासव का नव्हतं, हे मला पंधरा दिवसांत समजलं. एका सकाळी लिलीची तीन पानं देठापासून सुटून हौदभर फिरत होती, वाऱ्यानं उडालेल्या छत्र्यांसारखी. दुसऱ्या सकाळी पाच. लहानपणी हे कासव किडेमुंग्या, मासे खातं आणि वय वाढलं की शाकाहाराकडे वळतं. पंत नेमके त्या वयाचे होते. पान पुरतं खाल्लं असतं तरी समजलं असतं; ते देठ कुरतडायचे, कोवळं बघून दोन घास घ्यायचे आणि पुढच्या पानाकडे जायचे. बुफेत वागतात तसं. मी बाजारातून पालेभाज्या आणल्या, काकडीच्या साली टाकल्या. सगळं खाऊन त्यांनी लिलीही खाल्ली. शेवटी जाळी आणली आणि हौदाची फाळणी केली: चार फूट पंतांचे, दोन फूट फुलांचे. नशीब म्हणजे ही निळी लिली पानावरच पिल्लं देते. जुन्या पानाच्या मध्यावर, देठ जिथं चिकटतो तिथं, एक केसाळ गाठ येते, तिला इवली पानं फुटतात, आणि पान कुजलं की पिल्लू मोकळं होतं. पंतांनी तोडून टाकलेल्या एका पानावर असं पिल्लू मिळालं. म्हणजे आता माझ्याकडे जास्तीची झाडंही त्यांच्याच कृपेनं.

तळं, बाग, पाण्याकाठी बसणं ही ह्या कोरड्या गावाची जुनी खोड आहे. निजामशहांनी आसपासच्या डोंगरउतारांवरून जमिनीखालून खापरी नळ घालून पाणी गावात आणलं; त्यातलं प्यायला किती आणि बघायला किती, कोण जाणे. फराहबाग म्हणजे पाण्याच्या मधोमध महालच. 1583 मध्ये मुर्तझा निजामशहाच्या काळात तो पुरा झाला. आज महालाभोवती कोरडी जमीन आहे. आता ज्यांचं नाव जिल्ह्याला आहे त्या अहिल्याबाई 1725 मध्ये जामखेडजवळच्या चोंडीत जन्मल्या, ऐन दुष्काळी पट्ट्यात. पुढं राजधानी केली ती महेश्वरला, थेट नर्मदेच्या काठावर, आणि देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. ह्यात काही अर्थ असेल असं म्हणवत नाही. पण चोंडी बघून आल्यावर महेश्वर बघितलं की मनात येतंच.

गेल्या मार्चमध्ये पंत पळाले. विटांवरून चढून कठड्यावर आले आणि फळीवरून बाहेर उतरले. शोधाशोध केली तर आईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात सापडले. मागचे पाय आळीपाळीनं मातीत घालून खणत होते, मधूनच शेपटीकडून पाणी सोडून माती मऊ करत होते. मी उचलणार तोच आई म्हणाली, "हात लावू नगं." अर्ध्या तासानं खड्ड्यात एक पांढरं, लांबट अंडं पडलं. मग दुसरं. एकूण सात. पंतांनी मागच्याच पायांनी माती लोटली, पोटानं थोपटली, आणि एकदाही वळून न बघता फळीच्या दिशेनं चालू लागले.

"पंत न्हाई," आई म्हणाली, "पंतीणबाई."

खरं तर ताटलीएवढा आकार बघूनच कळायला हवं होतं. ह्यांच्यात मादी मोठी असते; नर लहान, पण त्याच्या पुढच्या पायांची नखं नवरदेवाच्या शेरवानीसारखी भपकेबाज.

त्या दिवसापासून आईनं वाफ्याशेजारी, हौदाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकली. सकाळी ऊन यायच्या आधी आणि संध्याकाळी पुन्हा. कोथिंबिरीला पाणी घालायचं नाही असा हुकूम निघाला; कोथिंबीर वाळली. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, असं आपल्याकडे मानतात. देवाच्या कृपेला संतांनी ती उपमा किती वेळा दिली आहे. नेवासं इथून साठेक किलोमीटर. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली ती तिथं, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं हातपाय आवरून घेणारं कासवही तिथंच मराठीत बोलू लागलं. त्या वेळी प्रवरेच्या काठच्या कासवी अंडी घालून कुठं जात होत्या, हे मी आईला विचारणार होतो, पण विचारलं नाही. पंतीणबाई विटेवर पाय पसरून झोपल्या होत्या आणि आई वाफ्यावर नजर लावून बसली होती. वळून न बघणारीच्या वाट्याचं बघणं कोणी तरी करत होतं.

माझी पंचाईत वेगळी होती. हौदात नर नाही. मादी एकटी असली तरी अंडी घालते, पण ती फळत नाहीत. हे मी पहिल्याच रात्री वाचलं होतं. दोन-तीन महिने लागतात अंडी फुटायला, असंही वाचलं होतं. म्हणजे मेअखेरपर्यंत आई इथं बसणार. रोज सकाळी सांगायचं ठरवायचो आणि रोज खुर्चीशी चहाचा कप ठेवून परत यायचो. एप्रिल गेला. ऊन चाळिशीच्या वर गेलं. मी तांब्या मोजत होतो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात धीर केला. खुर्चीशेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "आई, त्या अंड्यांचं काय आहे, की..."

"नर न्हाई ना एक बी," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. कोंबड्या पाळल्यात म्या जलमभर."

"मग तू इथं रोज..."

तिनं हौदाकडे पाहिलं. जाळीपलीकडच्या दोन फुटांत एक फूल उघडायला आलं होतं, अजून पुरतं नव्हतं. "त्यो तलाव बांधला बहात्तरला," ती म्हणाली. "आट महिनं पाट्या व्हायल्या. मग पाऊस आला, भरला. काठाला बसायला सवड कुठं हुती?"

मी काही बोललो नाही. पंतीणबाईंनी विटेवरून पाण्यात उडी घेतली, गप्पी मासे चहूकडे पांगले आणि पुन्हा गोळा झाले. आईनं हात लांब करून कठड्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं, जिथं कालच्या पाण्याची ओली रेघ होती, आणि तिथपासून पाण्यापर्यंतचं अंतर बोटाच्या पेरानं मोजलं.

"दोनच टाकल्या का रं आज?" ती म्हणाली. "ऊन लई हाय. तीन टाक."